कुत्रा दुसऱ्यांदा चावला: जुने डोस अजून कामाचे आहेत का?

सिन्नरच्या एका ताईंनी विचारलंय: "मुलगा पाचवीत असताना, २०१९ मध्ये त्याला कुत्रा चावला होता. रेबीजच्या लसीचे पाचही डोस पूर्ण झाले, कार्ड जपून ठेवलंय. आता तो अकरावीत आहे. काल संध्याकाळी क्लासवरून येताना पोटरीला पुन्हा चावला, रक्त आलं. शेजारचे दूधवाले काका म्हणतात, मेलेल्या विषाणूच्या लसीचा असर सहा महिनेच राहतो, म्हणून तर गाईंना लाळ्या-खुरकूतची लस वर्षातून दोनदा टोचतात. कोव्हॅक्सिनचंही तेच झालं. तेव्हा पाचही डोस आणि सिरम पुन्हा घ्या. यांचं म्हणणं, आधी रक्तातल्या अँटिबॉडी तपासू, भरपूर निघाल्या तर सुई कशाला? कुणाचं ऐकू?"

ताई, या वेळी दोघांचंही ऐकू नका. करायचं काय ते आधी सांगतो, का ते नंतर निवांत वाचा. जखम काल नीट धुतली नसेल तर आत्ता धुवा: वाहत्या नळाखाली, साबण लावून, घड्याळ बघून १५ मिनिटं. दोन तांबे पाणी ओतलं म्हणजे धुतलं असं होत नाही. हळद, चुना, तिखट काही भरलं असेल तर तेही निघू द्या. मग ते जुनं कार्ड घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात किंवा इकडे नाशिकला सिव्हिलला जा. एक डोस आज, एक तीन दिवसांनी. बस. सिरम, म्हणजे जखमेत सोडतात त्या आयत्या अँटिबॉडी, नको, अँटिबॉडीची तपासणी नको, पाच डोसही नकोत. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी झालं ते तिथे विचारतील, तेवढं आठवून ठेवा.

आता का ते. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो, कारण तुमच्या काकांचा सल्ला मी एकेकाळी स्वतः अमलात आणलाय. पंचवटीत नवीनच दवाखाना टाकला होता. निफाडकडचा एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा आला, दंडाला खोल चावा. वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधीचं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं, तीन वर्षांपूर्वीचे पाचही डोस, तारखांसकट. मी ते बघितलं आणि बाजूला सारलं. म्हटलं, रेबीज आहे, जोखीम कशाला? घोड्याचं सिरम जखमेत भरलं आणि पाच डोस पहिल्यापासून सुरू केले. दहाव्या दिवशी पोरगं ताप घेऊन परत आलं, अंगभर गांधी उठलेल्या, गुडघे सुजलेले. ते सिरमचंच दुखणं होतं. आठवड्याभरात बरं झालं, पण जे औषध त्याला लागतच नव्हतं त्याने तो आजारी पडला. त्या कार्डाचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

त्या कार्डावर लिहिलेलं असतं ते एवढंच: या शरीराला रेबीजचा विषाणू दाखवून झालेला आहे.

रेबीजची आजची लस बनते ती पेशींच्या थरावर. बहुतेक कंपन्या माकडाच्या मूत्रपिंडापासून आलेल्या व्हेरो पेशी वापरतात. त्यांच्यावर विषाणू वाढवायचा, गाळून शुद्ध करायचा आणि बीटा-प्रोपिओलॅक्टोन नावाच्या रसायनाने निकामी करायचा. हे रसायन विषाणूचा आतला जनुकीय धागा तोडतं, पण बाहेरची प्रथिनं बऱ्यापैकी जशीच्या तशी राहतात. म्हणजे चेहरा तोच, जीव नाही. गंमत बघा, कोव्हॅक्सिनही अशीच बनते: व्हेरो पेशी, तेच रसायन. दोघींचं कूळ एक. तरी एकीच्या भरवशावर मी तुमच्या मुलाला पाचऐवजी दोन डोस सांगतोय, आणि दुसरीच्या बाबतीत लोक दोन डोस घेऊनही ओमिक्रॉनने आजारी पडले. "मेलेली लस म्हणून टिकत नाही" हे उत्तर इथेच अडतं.

मेलेल्या विषाणूची एक खरी अडचण आहे. तो शरीरात वाढत नाही. गोवरासारख्या जिवंत, सौम्य केलेल्या लसीतला विषाणू काही दिवस वाढत राहतो, शरीराला धडा पुन्हा पुन्हा गिरवायला लावतो. मेलेला एकदाच दिसतो आणि साफ होतो. म्हणून उजळणी आपल्याला बाहेरून करून घ्यावी लागते: दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. शिवाय तो पेशीच्या आत शिरून वाढत नसल्याने, बाधित पेशी मारणाऱ्या टी पेशींना त्याची ओळख कच्चीच होते. काही लसींत म्हणूनच तुरटीच्या जातीचं ॲल्युमिनियमचं संयुग घालतात, प्रतिकारशक्तीला डिवचायला.

आता लस टोचल्यावर आत काय होतं ते बघू. काखेतल्या गाठीत, म्हणजे लसिका ग्रंथीत, बी पेशींची, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींची, निवड सुरू होते. विषाणूला ज्या जास्त घट्ट धरतात त्या पुढे जातात, बाकीच्या मरतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत घाईघाईने अँटिबॉडी करणाऱ्या पेशी तयार होतात. रिपोर्टमधला आकडा त्यांच्यामुळे वर चढतो. पण त्या अल्पायुषी. काही आठवड्यांत, महिन्यांत बहुतेक संपतात आणि आकडा धाडकन खाली येतो. "सहा महिन्यांत अँटिबॉडी गेल्या" ही २०२१ सालची सगळी ओरड या उताराची होती. त्या उतारावर पट्टी ठेवून रेघ पुढे ओढली तर वर्षात शून्य येतं. प्रत्यक्षात रेघ तशी जात नाही. निवडीतून वर आलेल्या काही पेशी अस्थिमज्जेत मुक्काम ठोकतात आणि वर्षानुवर्षं थोड्या थोड्या अँटिबॉडी सोडत राहतात, त्यामुळे उतार पुढे सपाट होतो. आणि तिसरा गट असतो स्मृतिपेशींचा. या अँटिबॉडी बनवतच नाहीत, नुसत्या थांबून राहतात. रक्ताच्या रिपोर्टमध्ये त्यांचा पत्ताच लागत नाही.

आपल्याकडे हे द्राक्षवाल्याला लवकर कळतं. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग बोडकी दिसते. नवखा म्हणेल, गेली बाग. पण एप्रिल छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार झालेला असतो, आणि बागायतदार त्या काडीच्या हिशेबाने बसलेला असतो. पानं मोजून घडाचा अंदाज बांधायचा नसतो. माझे पेशंट निफाड-दिंडोरीचे असले की मी एवढंच सांगतो आणि पुढे जातो.

मग हा घड किती वर्षं टिकतो? रेबीजच्या बाबतीत याचं उत्तर चांगलं मिळालेलं आहे. बँकॉकच्या क्वीन सावोवाभा संस्थेत ५ ते २१ वर्षांपूर्वी लस घेतलेल्या ११८ जणांना बूस्टर देऊन बघितलं होतं. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एकूण एकाचं शरीर जुन्या ओळखीने जागं झालं आणि अँटिबॉडी झपाट्याने वर चढल्या. तुमच्या मुलाला तर फक्त सहा वर्षं झालीत.

शेजारच्या काकांना इथेच उत्तर मिळत नाही, कारण त्यांचा खरा मुद्दा गाईंचा आहे आणि तो खोटा नाही. लाळ्या-खुरकूतची लसही मेलेल्या विषाणूचीच, आणि ती सहा महिन्यांनी द्यावीच लागते. मग फरक कुठे आहे? फरक रोगाच्या चालीत आहे. लाळ्या-खुरकूतचा विषाणू अंगात शिरल्यापासून २ ते १४ दिवसांत तोंडात, खुरांत फोड आणतो, आणि फोड दिसायच्या आधीच गोठ्यातल्या दुसऱ्या जनावराकडे पोचलेला असतो. स्मृतिपेशी जाग्या होऊन अँटिबॉडीचं पीक यायला चार-पाच दिवस, आठवडा लागतो. तोवर गोठा गेलेला. म्हणून तिथे रक्तात आधीपासून भरपूर अँटिबॉडी तयार उभ्याच लागतात, नुसती स्मृती पुरत नाही. त्यात त्या विषाणूचे आपल्याकडे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार, एकाची ओळख दुसऱ्याला चालत नाही. आणि तो विषाणू इतका नाजूक की लस उन्हात राहिली तर त्याचे कणच फुटतात, मग टोचलं काय अन् न टोचलं काय. काकांनी पुढच्या वेळी लस आणणाऱ्याच्या डब्यात बर्फ आहे का ते जरूर बघावं.

रेबीजची चाल उलटी. चावा बसला की विषाणू स्नायूत रेंगाळतो, मग मज्जातंतूत शिरून इंच इंच मेंदूकडे सरकतो. बहुतेकांत लक्षणं दिसायला एक ते तीन महिने लागतात. चेहऱ्याला, मानेला, बोटांना चावलं तर वेळ कमी मिळतो, तिथे मज्जातंतूंची दाटी असते किंवा मेंदू जवळ असतो. एवढा अवधी स्मृतिपेशींना पुरून उरतो. आणि या विषाणूचं बाहेरचं प्रथिन फारसं बदलत नाही. तुमच्या मुलाने पाचवीत पाहिलेला चेहरा आणि कालच्या कुत्र्याच्या लाळेतला, असलाच तर, चेहरा तोच आहे.

हाच हिशेब दुसऱ्या आजारांना लावून बघा. कावीळ घ्या. दूषित पाण्याच्या काविळीची, हिपॅटायटिस ए ची, मेलेल्या विषाणूची लस सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा घेतली की अँटिबॉडी दशकानुदशकं राहतात, आणि लागण ते आजार यात सरासरी चार आठवडे मिळतात. तिथे बूस्टर सांगत नाहीत. फ्लूचं मात्र एक ते चार दिवसांत सगळं आटोपतं, वर विषाणू दरवर्षी कपडे बदलतो, म्हणून दरवर्षी सुई. कोव्हिड या दोघांच्या मध्ये कुठेतरी, पण फ्लूच्या जवळ.

कोव्हॅक्सिनबद्दल लोकांच्या मनात राग आहे, तो मला समजतो, पण आकडे बघू. तिच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत, सुमारे २५,८०० लोकांवर, लक्षणं असलेल्या आजाराविरुद्ध परिणामकारकता ७७.८ टक्के आली. तो काळ ओमिक्रॉनच्या आधीचा. दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी लस घेतलेल्यांचं रक्त सहा महिन्यांपर्यंत तपासलं तेव्हा बी आणि टी दोन्ही स्मृतिपेशी टिकून असल्याचं दिसलं. संपूर्ण विषाणू वापरल्यामुळे बाहेरच्या काट्यांबरोबर आतल्या प्रथिनांचीही ओळख टी पेशींना झालेली होती. मग लोक आजारी का पडले? कारण ओमिक्रॉनने काट्यांचा चेहरा बदलला, आणि नाकातल्या लागणीला दोन-तीन दिवस पुरतात. नाकात पहारा ठेवायला लागणाऱ्या अँटिबॉडी दंडात टोचलेल्या मेलेल्या लसीने फारशा बनत नाहीत. पोलिओच्या टोचायच्या लसीचंही हेच आहे, रक्तात बंदोबस्त चोख, आतड्यात कमी. म्हणून आपल्याकडे २०१५ च्या नोव्हेंबरपासून ती सुरू झाली तरी तोंडाने द्यायचे थेंब बंद केले नाहीत.

म्हणून उद्या कुणी म्हटलं की मेलेली लस आयुष्यभर टिकते, तर त्यालाही मान डोलावू नका. १९६३ ते १९६७ या काळात अमेरिकेत गोवराची फॉर्मॅलिनने मारलेली लस दिली जात होती. तिचा असर लवकर ओसरला, आणि वर अशा मुलांना नंतर खरा गोवर झाला तेव्हा तो वेगळाच, जास्त उग्र झाला. आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे माकडताप आला, त्याचीही लस फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची. दोन डोस, मग सहा-नऊ महिन्यांनी एक, मग पाच वर्षं दरवर्षी एक. एवढं करून संरक्षण तोकडंच, आणि शेवटी २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. विषाणू मारताना त्याचा चेहरा किती विद्रूप होतो यावर खूप अवलंबून असतं. चेहराच बिघडला तर शरीर भलत्याच माणसाची ओळख पाठ करून बसतं.

आता तुमच्या यजमानांच्या तपासणीकडे. रेबीजच्या अँटिबॉडी मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त असल्या की प्रतिसाद पुरेसा धरतात. पण ही भरवशाची तपासणी मोजक्याच प्रयोगशाळांत होते, रक्त बाहेर पाठवावं लागतं, रिपोर्टला दिवस लागतात. तेवढ्या दिवसांत दोन्ही डोस होऊन जातात. आणि रिपोर्ट कमी आला तरी स्मृती गेली असं नसतं, जास्त आला तरी मी डोस चुकवणार नाही. ज्या तपासणीने निर्णय बदलत नाही ती कशाला करायची? प्रयोगशाळेत जिवंत रेबीज विषाणू हाताळणारे आणि रोज कुत्र्या-मांजरांत हात घालणारे पशुवैद्य, त्यांनी ठरावीक काळाने ती करावी, त्यांना विषाणूशी संपर्क आलाय हे कधी कधी कळतही नाही.

सिरम दुसऱ्यांदा का नको? सिरम म्हणजे उसन्या, आयत्या अँटिबॉडी. पहिल्या वेळी शरीराच्या स्वतःच्या यायला सातेक दिवस लागतात, तो खड्डा भरायला सिरम जखमेत सोडतात, आणि म्हणून पहिल्या डोसनंतर सात दिवस उलटले की ते देतही नाहीत. तुमच्या मुलाच्या शरीरात तसा खड्डा नाही. वरून ओतलं तर उलट लसीतला विषाणू त्या उसन्या अँटिबॉडीच झाकून टाकण्याची शक्यता, स्मृतिपेशींना बघायला काय उरणार?

दोन डोसचा हा हिशेब सगळ्यांना लागू नाही, आणि इथे मी मुद्दाम थांबतो. कार्डच नसेल, "बहुतेक घेतले होते" एवढंच असेल, तर पहिल्यापासून. दोन-तीन डोस घेऊन सोडले असतील तर कार्ड डॉक्टरांपुढे ठेवा, ठरवायचं त्यांनी. स्टिरॉइड दीर्घकाळ चालू असेल, कॅन्सरची केमो चालू असेल, एचआयव्हीमध्ये पेशी खाली गेल्या असतील तर जुना कोर्स असूनही पूर्ण लस आणि सिरम दोन्ही. आणि एक वर्ग अजून भेटतो, साठीच्या पुढचे आजोबा: "मला पोटात चौदा घेतलीत, मला काही होत नाही." ती लस मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून फिनॉलने मारलेली, १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेम्पलने बसवलेली पद्धत. ताकद बेभरवशाची, आणि मेंदूचा अंश सोबत जात असल्याने काहींना लकवाही झाला. ती घेतलेल्यांना आज आम्ही नवा पेशंटच धरतो. आजोबांना हे पटवायला पाच डोसपेक्षा जास्त वेळ लागतो.

उलट बाजूला, पूर्ण कोर्स होऊन तीन महिनेही झाले नसतील आणि पुन्हा चावलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनाप्रमाणे नुसती जखम धुतली तरी चालतं. तुमचं तसं नाही, सहा वर्षं झालीत.

दवाखान्यात बहुधा कातडीत देतील, ०.१ मिलिलिटर, एका दंडाला. बारीक सुई अगदी आडवी धरतात आणि मोसंबीच्या सालीसारखी, बारीक खड्ड्यांची छोटी फुगी उठते. ती उठली पाहिजे. उठली नाही तर लस कातडीखाली गेली, तिथल्या तिथे सांगा, सिस्टर पुन्हा देतील. स्नायूत देत असतील तर दंडातच, कमरेत नाही; कमरेच्या चरबीत ही लस पडून राहते.

कुत्रा ओळखीचा असेल तर दहा दिवस नजरेत ठेवा, पण त्याच्यासाठी आजचा डोस थांबवू नका. दहा दिवसांत तो धडधाकट राहिला तरी मुलाचे दोन डोस वाया गेले असं नाही, कार्डावर ते जोडले जातील. कार्डाचा फोटो काढून तुमच्या आणि मुलाच्या, दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. पावसात भिजलेलं, अक्षर पुसलेलं कार्ड घेऊन आलेल्यांना मला नाइलाजाने पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

आणि दिवस मोजताना चावल्याचा दिवस धरू नका, पहिली सुई ज्या दिवशी तो शून्य. आज गुरुवार असेल तर दुसरी रविवारी येते. ओपीडी बंद असते म्हणून सोमवारवर ढकलू नका, आजच सुई देणाऱ्या सिस्टरना विचारून ठेवा की रविवारी अपघात विभागात मिळते का.